कंपन्यांना आर्थिक अंदाज देणारा सल्लागार व्हायचं असेल तर: काम कसं चालतं, काय शिकावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा: अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालंय, आर्थिक अंदाज देऊन कंपन्यांना सल्ला देण्याच्या व्यवसायात शिरायचंय. रोजचं काम काय असतं, काय यावं लागतं, आणि अंदाज इतके चुकतात तर लोक त्यासाठी पैसे का मोजतात? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर पटलं की बाकी काय शिकायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

अंदाज चुकतात, आणि नेमके वळणावर चुकतात. सरळ रस्त्यावर सगळेच बरोबर असतात. ऑक्टोबर १९२९ मध्ये आयर्व्हिंग फिशर या नामवंत अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शेअरच्या किमती कायमच्या उंच पठारावर पोहोचल्यासारख्या दिसतात असं सांगितलं आणि काही दिवसांतच बाजार कोसळला. रॉजर बॅब्सन या व्यावसायिक अंदाजकाराने ५ सप्टेंबर १९२९ च्या भाषणात कोसळण्याचा इशारा दिला होता, म्हणून त्याचं नाव झालं. पण असाच इशारा तो त्याआधी दोन वर्षं देत होता. पहिल्याच इशाऱ्याला बाहेर पडलेल्या गुंतवणूकदाराच्या हातून मधली सगळी तेजी निसटली. तारीख नसलेला अंदाज कधी ना कधी खरा ठरतोच, म्हणून त्याला किंमत नाही. हार्वर्डची त्या काळची अंदाज-सेवा सट्टा, व्यापार आणि पैसा असे तीन वक्र एकमेकांवर ठेवून निष्कर्ष काढायची. तंत्र नीटनेटकं होतं, तरी १९३० मध्येही ती लवकर सावरण्याची भाषा करत राहिली.

मंदी आल्यावरही ती आली हे कळायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या मंदीच्या तारखा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची समिती ठरवते. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी या समितीने १ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केली.

मग पैसे कशाचे? ग्राहकापुढे एक निर्णय असतो आणि त्याची तारीख ठरलेली असते. भविष्य दिसो वा न दिसो, कच्च्या मालाची ऑर्डर त्या दिवशी द्यावीच लागते. ती देताना अनिश्चितता मोजून हाताशी देणं हे आपलं काम. एक उदाहरण घ्या. एक नग कमी पडला तर ३० चा नफा हुकतो, एक नग उरला तर १० चं नुकसान होतं. ३० ला (३० + १०) ने भागलं की ०.७५ येतात. म्हणजे प्रत्यक्ष मागणी ज्या आकड्याच्या आत राहण्याची शक्यता ७५ टक्के आहे, तेवढा माल मागवायचा. मागणीचा मधला अंदाज १,००० नग, आपल्या चुकीचं प्रमाण विचलन (चुका साधारण किती पसरतात त्याचं माप) २०० नग, आणि चुका साधारण घंटाकृती असतील, तर उत्तर १,००० + ०.६७ × २००, म्हणजे सुमारे १,१३५ नग (०.६७ हा घंटाकृती वक्रावर ७५ टक्क्यांसाठीचा गुणक). ‘मागणी १,००० राहील’ एवढंच सांगणाऱ्याचा अंदाज उत्तम असूनही सल्ला चुकलेला असतो. २०० हा आकडा कुठून आला, हे मात्र सल्लागाराला सांगता आलं पाहिजे. ते पुढे येईलच.

म्हणून नव्या ग्राहकाकडची पहिली बैठक अर्थव्यवस्थेवर घालवू नका. येत्या १८ महिन्यांत कोणते निर्णय घ्यायचे आहेत, त्यांची यादी मागा: साठा, नवी यंत्रं, कर्ज, भरती, दरपत्रक. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटची तारीख कोणती, तो मागे फिरवता येतो का, आणि कोणता आकडा वेगळा निघाला तर निर्णय बदलेल. तिसऱ्या प्रश्नावर ‘कोणताही आकडा निघाला तरी निर्णय तोच’ असं उत्तर आलं, तर तिथे अंदाजाची गरज नाही हे स्पष्ट सांगावं. अशा वेळी बहुधा झालेल्या निर्णयावर शिक्का हवा असतो. असं काम सुरुवातीलाच ओळखता आलं तर पुढची बरीच कटकट टळते.

दुसरा टप्पा ग्राहकाच्या स्वतःच्या विक्रीच्या आकड्यांचा. कंटाळवाणा, पण सगळ्यात फलदायी. ‘विक्री’ म्हणजे ऑर्डर, रवानगी की बिल, हे आधी ठरवा. खात्यागणिक अर्थ बदलतो. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात लक्ष्य गाठण्यासाठी वितरकांच्या गळ्यात माल मारलेला असतो आणि पुढच्या महिन्यात तेवढीच घसरण दिसते. तो उतार मागणीचा नसतो. एकूण रक्कम कधीच थेट वापरू नका, नग आणि दर वेगळे करा. महागाईच्या वर्षात रक्कम ८ टक्के वाढलेली आणि नग २ टक्के घटलेले, हे सर्रास दिसतं. एकदाच आलेल्या मोठ्या ऑर्डरी बाजूला काढून ठेवा. कामाचे दिवस मोजा: २१ दिवसांच्या महिन्यानंतर २३ दिवसांचा महिना आला तर काहीही न बदलता विक्री साडेनऊ टक्के वाढलेली दिसू शकते. एवढं केल्यावर निम्म्या ‘गूढ’ चढउतारांचा उलगडा होतो आणि मॉडेलला करण्यासारखं थोडंच उरतं.

बाहेरच्या, म्हणजे सरकारी आणि सर्वेक्षणांच्या आकड्यांत नवशिक्या माणसाचा पाय ठरावीक ठिकाणी घसरतो. गेल्या वर्षी या महिन्यात निर्देशांक ८० पर्यंत पडला होता आणि आता ९६ आहे, तर वाढ २० टक्के दिसते, पण आधीच्या १०० पेक्षा आपण अजून ४ टक्के खालीच आहोत. हा पायाचा परिणाम. दुसरी अडचण जरा कमी ओळखीची आहे, आणि माझ्या मते जास्त महागाची. गेल्या वर्षीच्या चार तिमाही १००, १०१, १०२, १०३ अशा होत्या, सरासरी १०१.५. यंदा चारही तिमाही १०३ वरच अडकल्या, म्हणजे वर्षभर वाढ शून्य, तरी वार्षिक सरासरी जवळपास १.५ टक्के वाढलेली दिसेल. त्याला मागच्या वर्षाची शिल्लक म्हणायला हरकत नाही. वर्षाच्या वाढीचा अंदाज सांगण्याआधी ही शिल्लक किती हे काढा. अनेकदा अंदाजाचा मोठा भाग आधीच घडून गेलेला असतो. शिवाय काही देश तिमाहीची वाढ वार्षिक दरात सांगतात, काही नाही: तिमाहीला ०.५ टक्के म्हणजे वार्षिक दराने सुमारे २ टक्के. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना हे राहून गेलं तर सादरीकरणातच फजिती होते.

आकडे नंतर बदलतात, ही त्याहून मोठी गोष्ट. राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला अंदाज अपुऱ्या माहितीवर काढलेला असतो आणि पुढे अनेकदा सुधारला जातो. आज उपलब्ध असलेल्या, सुधारित आकड्यांवर जुना काळ तपासला तर मॉडेल फार हुशार वाटतं, कारण त्या वेळी कोणाकडेच नसलेली माहिती त्याला मिळालेली असते. म्हणून प्रत्येक मालिका डाउनलोड केल्याच्या तारखेसह साठवा, वरून पुसून नवी टाकू नका. अमेरिकी मालिकांच्या जुन्या आवृत्त्या सेंट लुईसची फेडरल रिझर्व्ह बँक ‘अल्फ्रेड’ या संग्रहात ठेवते. आवृत्त्या हाताळायचा सराव तिथे फुकट होतो.

खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, म्हणजे पीएमआय, लवकर येतो म्हणून सगळ्यांना प्रिय. पण तो काय मोजतो ते पाहा: ३० टक्के कंपन्या ‘वाढलं’ म्हणाल्या, ५० टक्के ‘तेवढंच’, २० टक्के ‘घटलं’, तर निर्देशांक ३० अधिक ५० चे निम्मे २५, म्हणजे ५५. वाढ किती कंपन्यांत पसरली हे त्यातून कळतं, किती मोठी झाली ते नाही. ६० म्हणजे ५५ च्या दुप्पट तेजी नव्हे. व्याजदरांच्या वक्राचंही तसंच. दीर्घ मुदतीचा दर अल्प मुदतीच्या दराखाली गेला की मंदी येते, या खुणेचा अमेरिकेतला लौकिक मोठा. २०२२ मध्ये वक्र उलटा झाला, अनेकांनी मंदीची वेळही जाहीर केली, आणि पुढची दोन वर्षं मंदी आली नाही. खूण निकामी झाली असं यावरून ठरत नाही, पण तिच्या एकटीच्या भरवशावर ग्राहकाला कारखाना थांबवायला सांगू नये.

आता मॉडेल. इथे तरुण मंडळी सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात कमी मिळवतात. आधी भोळा अंदाज काढा: ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं, तेवढंच’ किंवा ‘मागच्या वेळी जेवढं, तेवढंच’. तुमचं मॉडेल याला हरवत नसेल तर फेकून द्या. हे बोलण्यापुरतं नाही: १९८३ मध्ये मीझ आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की चलनांच्या विनिमय दरांची त्या काळची प्रतिष्ठित मॉडेलं, वर्षभराच्या आतल्या मुदतीसाठी, ‘आजचा दर तोच उद्याचा’ या अंदाजापुढेही सरस ठरत नाहीत. विनिमय दर कुठे जाईल हे ग्राहकाने छातीठोक विचारलं तर जोखीम झाकायचे मार्ग सांगा, दर सांगू नका.

तिमाही आकडे आठ वर्षांचे असतील तर हातात ३२ बिंदू असतात. त्यावर तीन-चारपेक्षा जास्त कारक (विक्री ज्यांवर अवलंबून मानायची ते घटक) घातले की भूतकाळ देखणा बसतो आणि भविष्य बिघडतं. २०२० चे आकडे तसेच ठेवले तर सगळे गुणक वाकडे होतात, हंगामी समायोजनही (दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारे चढउतार वजा करणं) बिघडतं. त्या महिन्यांना वेगळं चिन्ह देऊन मगच गणित करा. दोन-तीन वेगळ्या स्वभावाच्या पद्धती घ्या, एक साधी कालमालिकेची (त्याच आकड्याच्या मागच्या नोंदींवरून पुढचा काढणारी), एक कारकांवर आधारलेली, एक विक्री-प्रतिनिधींच्या ऑर्डरवहीवरून, आणि त्यांची सरळ सरासरी काढा. बेट्स आणि ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये अंदाज एकत्र करण्याचा फायदा मांडला. त्यानंतर वजनं ठरवायच्या कितीतरी चतुर रीती निघाल्या, तरी सरळ सरासरीला सातत्याने मागे टाकणं अवघडच राहिलं. ते जरा खट्टू करणारं आहे, पण ग्राहकाचं काम होतं.

मॉडेलच्या आकड्यावर स्वतःच्या मताची दुरुस्ती प्रत्येकजण करतो, करावीही. ग्राहकाचा मोठा गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात सोडून चाललाय हे मॉडेलला माहीत नसतं. पण दुरुस्ती स्वतंत्र रकान्यात, कारणासह लिहा. कंपन्यांतल्या अंदाजांच्या अभ्यासात असं दिसलंय की मोठ्या, विशेषतः खाली आणणाऱ्या दुरुस्त्या उपयोगी पडतात आणि बारीकसारीक चिमटे बहुधा वाया जातात. कारण सोपं आहे: मोठी दुरुस्ती करायला ठोस बातमी लागते, छोटी करायला नुसती चुळबुळ पुरते.

आता तो २०० चा आकडा. तुमच्याजवळ स्वतःच्या जुन्या अंदाजांची वही हवी: अंदाज दिल्याची तारीख, कशाचा, किती मुदतीचा, मधला आकडा, पट्टा (त्याच्या खालची आणि वरची मर्यादा), आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं. मुदतीनुसार चुका वेगळ्या मोजा. चार तिमाही पुढच्या अंदाजांची चूक, वर्गमूळ-सरासरी पद्धतीने (चुकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ), १.८ टक्के निघाली, तर ८० टक्के खात्रीचा पट्टा दोन्ही बाजूंना १.२८ × १.८, म्हणजे साधारण २.३ टक्के (१.२८ हा घंटाकृती वक्रावर ८० टक्के पट्ट्यासाठीचा गुणक). हा पट्टा पाहून ग्राहकाला धक्का बसतो. बसू द्या. बँक ऑफ इंग्लंड १९९६ पासून महागाईचा अंदाज पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या आलेखाने दाखवू लागली, त्यामागे हाच हेतू होता.

होय-नाहीचे अंदाज असतील तर शक्यता आकड्यात सांगा आणि गुण मोजा. ‘७० टक्के’ म्हणालात आणि घडलं, तर चूक (१ − ०.७) चा वर्ग, ०.०९. नाही घडलं तर ०.४९. सगळीकडे ५० टक्के म्हणत राहिलात तर कायम ०.२५. वर्षभराची सरासरी ०.२५ च्या वर गेली तर तुम्ही माहिती देण्याऐवजी दिशाभूल करताय. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य मात्र या व्यवसायातून हद्दपार करायला हवं. त्याला गुणच देता येत नाहीत.

ग्राहकाला जाणारं टिपण दोन पानांचं असावं. पहिल्या ओळीत आकडा आणि पट्टा, दुसरीत मागच्या वेळेपेक्षा बदल किती, आणि बदलाचं कारण तीन वाट्यांत: जुने आकडे सुधारले म्हणून किती, बाहेरचं गृहीतक (तेलाचा भाव, व्याजदर) बदललं म्हणून किती, आमचं मत बदललं म्हणून किती. ही फोड रोखठोक केली की अंदाज बदलणं लाजिरवाणं राहत नाही. त्यानंतर ग्राहकाच्या निर्णयांवर परिणाम. जगाची सर्वसाधारण स्थिती शेवटी, तीही जागा उरली तर.

वेगवेगळ्या परिस्थितींची चित्रं मांडताना ‘चांगली, मधली, वाईट’ अशी तीन देऊ नका. सगळे मधलं उचलतात आणि बाकी दोन पानं कोणी उघडत नाही. दोन किंवा चार द्या, आणि त्यांना कारणावरून नावं द्या: ‘व्याजदर चढेच राहिले’, ‘निर्यात तुटली’. प्रत्येकाला एक खूण जोडा. उदाहरणार्थ, नव्या ऑर्डरी सलग दोन महिने ठरलेल्या पातळीखाली गेल्या तर दुसरी यंत्ररांग पुढे ढकलायची, आणि हे कोण ठरवणार तेही आजच लिहून घ्यायचं. वाईट बातमी आल्यावर भरलेली बैठक शांत डोक्याने चालत नाही.

कंपनीच्या आतून एक दबाव नेहमी येतो. अंदाज, उद्दिष्ट आणि अंदाजपत्रक हे तीन वेगळे आकडे आहेत, पण त्यांना एक करून टाकायचा मोह सगळ्यांना असतो. विक्रीप्रमुखाला बोनस सहज मिळावा म्हणून कमी अंदाज हवा असतो, कर्ज मागणाऱ्या वित्तप्रमुखाला जास्त. तिन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दाखवणं हा मला ठाऊक असलेला सगळ्यात कमी भांडणाचा उपाय. बाहेरून येणारा दबाव वेगळा: इतर अंदाजकारांच्या सरासरीपासून लांब जायची भीती. सगळ्यांसोबत चुकलं तर कोणी विचारत नाही, एकट्याने चुकलं तर करार जातो. सरासरीपासून दूर असाल तर किती आणि का, हे टिपणात स्वतःहून लिहा, म्हणजे नंतर सारवासारव करावी लागत नाही.

शिरायचं कुठून? मध्यवर्ती बँक, सरकारी सांख्यिकी खातं, व्यापारी बँकेचा संशोधन विभाग, उद्योग संघटना, सल्लागार संस्था, किंवा मोठ्या कंपनीतलं अर्थतज्ज्ञाचं पद. मी सुरुवातीसाठी सांख्यिकी खातं किंवा मध्यवर्ती बँक सुचवेन, कारण आकडा कसा तयार होतो हे तिथे आतून दिसतं आणि ते ज्ञान नंतर विकत मिळत नाही. सल्लागार संस्थेत लिहायला आणि ग्राहकासमोर बोलायला लवकर मिळतं, पण पहिली दोन-तीन वर्षं तक्ते अद्ययावत करण्यातच जातात. कौशल्यांत आर किंवा पायथन या संगणक-भाषांपैकी एक नीट, राष्ट्रीय लेखांकनाची रचना, कालमालिका, आणि ज्याकडे अर्थशास्त्राचे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात ते: ताळेबंद आणि रोकड प्रवाह वाचता येणं. मागणी ५ टक्के घटली तर कर्जाचा हप्ता चुकेल का, हे सांगता न येणारा माणूस सल्लागार म्हणून टिकत नाही.

नोकरी मिळायच्या आधीच एक गोष्ट करता येईल. महागाई, औद्योगिक उत्पादन आणि मध्यवर्ती बँकेचा धोरणात्मक व्याजदर अशा तीन मालिका निवडा, दर महिन्याला पट्ट्यासह अंदाज लिहा, आणि १२ महिन्यांनी भोळ्या अंदाजाशी तुलना करून दोन पानं लिहा. मुलाखतीत ही वही पदवीपेक्षा जास्त बोलते. त्यात हरलेल्या ओळी असतील तर त्या पुसू नका. समोरचा आधी त्याच वाचतो.

स्वतंत्र व्यवसाय थाटायचा तर ८-१० वर्षांनी, तेही दोन-तीन पक्के ग्राहक असल्यावर. मिळकत साधारण दोन प्रकारांची: वार्षिक करारावर ठरावीक मानधन (मासिक टिपण, तिमाही सादरीकरण, हवा तेव्हा फोन) आणि एकेका प्रकल्पाचं शुल्क. मानधनाचं उत्पन्न कमी वाटलं तरी मंदीत तेच तारतं. हा धंदा माणसाला चिकटलेला असतो: ॲलन ग्रीनस्पॅन यांनी टाउनसेंड-ग्रीनस्पॅन ही सल्लागार संस्था, मधली सरकारी वर्षं वगळता, जवळपास तीन दशकं चालवली, आणि १९८७ मध्ये ते फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले तेव्हा ती बंद झाली. संस्था विकून निवृत्त होऊ, असा हिशेब मांडू नका.

करारात तीन कलमं वकिलाकडून नीट लिहून घ्या. एकाच क्षेत्रातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांचं काम घेत असाल तर ते दोघांना माहीत असल्याचं कलम. एकाची ऑर्डरवही पाहून दुसऱ्याला दिलेला ‘बाजाराचा अंदाज’ हा विश्वासघात तर आहेच, स्पर्धा कायद्याच्या कचाट्यातही अडकवू शकतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे अप्रकाशित आकडे हाताळत असाल तर स्वतःच्या आणि घरच्यांच्या व्यवहारांवरचं बंधन. आणि प्रकल्प-अहवालाचं शुल्क कर्ज मंजूर होण्यावर अवलंबून नसल्याचं कलम. शुल्क मंजुरीला बांधलं की वाहतुकीचा, विजेचा, कशाचाही मागणीचा अंदाज कळत-नकळत वर सरकतो, आणि पाच वर्षांनी रिकाम्या रस्त्याच्या अहवालावर सही तुमची असते.